डोकं सगळ्यात शेवटी

सणसर सोडलं तो दिवस भर गळीत हंगामातला. जीप दारात लागली होती. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तळहातावर दही-साखर ठेवली होती. आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची अशी रांग लागली होती की निघालो निघालो म्हणत आम्ही तासभर दारातच उभे. त्या तासात रडून झालं, पाया पडून झालं, ज्यांच्या पडलो होतो त्यांच्या पुन्हा पडून झालं. मग करमणूक म्हणून धाकट्या दिरांनी आपली नेहमीची गोष्ट काढली.

"वहिनी, कॅनडात नद्या लय मोठ्या हायत म्हनं. काठाला जाऊ नका. तितं केस धरून वडायला मी न्हाय."

सगळे हसले. मीही हसले. ते हसणं मला अजून पचलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. सणसरमध्ये राहिलेल्यांनी वाचावं आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनीही.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी मोरगावची. आमच्याकडे ज्वारी, बाजरी, शेळ्या, आणि उरलेला वेळ आभाळाकडे बघायचं. पोहायला शिकायचं तर आधी बुडण्याइतकं पाणी लागतं, ते आम्ही पाहिलेलंच नव्हतं. लग्न होऊन सणसरला आले, बागायतीत. दारापासून हाकेच्या अंतरावर कालवा. मी नवी नवरी, गोधड्या धुवायला गेले, पायरीवरच्या शेवाळावरून पाय सटकला आणि गोधडीसकट आत गेले. कालव्याला पाळी सुटलेली, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडलेलं, त्या पाण्याला ओढ. दिरांनी उडी मारली आणि वेणी धरून मला बाहेर काढलं. जीव वाचवला त्यांनी. ते उपकार मी कधी नाकारले नाहीत, आजही नाकारत नाही. पण त्या दिवसापासून घरात माझं नाव पडलं 'कोरडवाहू'. ही गोष्ट बारशाला सांगून झाली, साखरपुड्याला सांगून झाली, एकदा तर तेराव्याच्या पंगतीतही सांगितली. प्रत्येक वेळी माझी वेणी थोडी लांब व्हायची आणि कालवा थोडा खोल. मला मात्र कालव्यावर जायची बंदी झाली ती कायमची, धुणंही घरच्या नळावर.

ओटावाला आलो. यांना नोकरी लागली, मला एका वृद्धाश्रमात काम मिळालं. पहिल्या उन्हाळ्यात नदीकाठी फिरायला गेलो होतो. पांढऱ्या केसांची एक बाई लांबट उघड्या होडीत गुडघे टेकून बसलेली, हातात एका पात्याचं वल्हं. या होडीला कॅनू म्हणतात. खडकांमधून फेसाळणाऱ्या पाण्यात तिची कॅनू उलटली. मी किंचाळले. हे कुणाला तरी हाक मारायला धावले. तेवढ्यात ती बाई होडीसकट गर्रकन फिरून वर आली, नाक पुसलं, आणि वल्हं मारत पुढे गेली. कुणीही तिचे केस धरले नव्हते.

त्या रात्री जेवण गेलं नाही मला. मत्सर म्हणायचा तर म्हणा.

दोन वर्षं मोठ्यांच्या वर्गात पोहायला शिकले. चाळिशी उलटलेली, अंगभर पोशाख घातलेली मी, आणि शेजारी सत्तरीचे एक आजोबा. मग कॅनूच्या क्लबात नाव घातलं. हिवाळ्यात नद्या गोठतात, तेव्हा ही मंडळी शनिवारी दुपारी एका शाळेचा तरण तलाव भाड्यानं घेतात. बाहेर बर्फ, आणि आम्ही होड्या खांद्यावर घेऊन आत. तरणी पोरं वल्हं हवेत फेकून झेलतात, नुसत्या हातांनी उलटून सुलट होतात, नाना कसरती. माझ्यासाठी एकच काम: उलटायचं आणि आपलं आपण वर यायचं. याला ते रोल म्हणतात. नियम साधा होता. हिवाळा संपायच्या आत कुणाचा हात न लागता तीन रोल केले, तर वसंतात खऱ्या नदीवर जायचं. नाहीतर नाही.

सुरुवातीला मीच वरचढ होते, हे आवर्जून सांगते. कॅनूत गुडघ्यांवर बसावं लागतं. ही सहा-सहा फुटी माणसं दहा मिनिटांत कण्हायला लागायची. मी तासभर बसायचे. ज्वारीच्या काढणीला आणि शेणानं सारवायला ज्या गुडघ्यांचा दिवस गेला, त्यांना गादी लावलेल्या होडीचं काय कौतुक? पण होडी उलटली की माझं सगळं शहाणपण पाण्यात. कमरेचा झटका बरोबर बसायचा, होडी अर्धी वर यायची, आणि मी पुन्हा धपकन खाली. मग हेलन, आमची शिकवणारी, कमरेइतक्या पाण्यात उभी असायची ती, मला होडीसकट धरून सरळ करायची. दर वेळी तिचा हात अंगाला लागला की माझ्या वेणीला ओढ बसल्यासारखं व्हायचं. केस आता कापलेत, तरी.

हेलन म्हणायची, तू डोकं आधी वर काढतेस. आधी होडी, मग अंग, डोकं सगळ्यात शेवटी. कान खांद्याला टेकलेला ठेव. तिनं कान आणि खांद्याच्या मध्ये स्पंजचा तुकडा धरायला लावला. पाण्यातून वर आलं की तो तिथंच असला पाहिजे. माझा स्पंज दर वेळी तलावाच्या दुसऱ्या टोकाला सापडायचा. पूर्ण जानेवारी हे चाललं. कानात पाणी, नाकात पाणी, घरी सर्दी. हे म्हणाले, "बास कर आता. कुणाला दाखवायचंय तुला?" खरं उत्तर होतं 'तुमच्या भावाला'; मी वाफ घ्यायला बसले.

फेब्रुवारीत हेलननं मला बाजूला घेतलं. मायाळू बाई, पण बोलायचं ते बोललीच. तळ्यावर जाणारा एक गट आहे, संथ पाणी, तिथं रोल लागत नाही, त्यात जायला कमीपणा कसला? मी हो म्हणून घरी आले. आणि बूट काढता काढता माझं डोकं असं फिरलं की सांगता सोय नाही. म्हणजे इथंही काठावरच का? सात समुद्र ओलांडून मी धुणं नळावरच धुवायचं का?

त्या संध्याकाळी आरशासमोर खुर्चीत बसले आणि कान खांद्याला टेकवून बघितला. मान वाकेचना. लाकूड झालेली. मग हात लावून दाबली तेव्हा ध्यानात आलं की ही मान कुणी घडवली. आठव्या वर्षापासून लग्नापर्यंत रोज चार खेपा, डोक्यावर हंडा, वर कळशी. आई मागून चालायची आणि एकच वाक्य म्हणायची, "कंबर हलू दे, मान नगं." सांडलं तर ती मारायची नाही. सांडलेल्या जागेकडे नुसती बघत राहायची, ते जास्त लागायचं. म्हणजे माझ्या कमरेला झटका कुणी शिकवला, तेही कळलं. अर्धा रोल मला मोरगावनंच दिला होता, आणि उरलेला अर्धा मोरगावच अडवून बसलं होतं.

आता मानेला समजवायचं कसं? तर हंडा उतरवायचा असतो तसं. दारात आल्यावर आधी गुडघे वाकतात, मग कंबर खाली जाते, पाठ जाते, आणि हंडा हातात आला की मगच मान सुटते. हे मी हजारो वेळा केलेलं. पुढचे पंधरा दिवस वृद्धाश्रमाच्या धुलाईखोलीत, चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये, मी नसलेला हंडा उतरवत होते. एका आजींनी पाहिलं आणि विचारलं, लकवा मारलाय का? मी म्हटलं, नाही, सुटतोय.

शनिवारी हेलनला सांगितलं, लांब उभी राहा. मेले तरी हात लावू नकोस. ती हसली, पण दोन पावलं मागे सरली. उलटले. पाण्याखाली शांत, निळं, वर दिव्यांचे हलते पट्टे. वल्हं पृष्ठभागावर आडवं लावलं, कमरेनं होडी फिरवली, आणि मानेला मनातल्या मनात म्हटलं, थांब बाई, अजून दार आलं नाही. होडी आली. अंग आलं. शेवटी डोकं. अर्धी होडी पाण्यानं भरलेली, मी आत गुडघ्यांवर, आणि स्पंज कानाखाली पिळवटलेला. ओरडले ते अस्सल मोरगावी ओरडले. सगळा तलाव थांबला. दुधाच्या कापलेल्या कॅननं होडीतलं पाणी उपसून उपसून बाहेर टाकलं. आईनं ते बघितलं असतं तर तिचा जीव कळवळला असता. मी टाकलं. आणखी दोन रोल केले. एप्रिलच्या शेवटी खऱ्या नदीत, हाडं गोठवणाऱ्या पाण्यात, दोनदा उलटले आणि दोनदा वर आले.

तलावातल्या रोलचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला होता. दिरांनी लिहिलं, 'वहिनी, हौदात काय कुणी बी करंल.' मी उत्तर दिलं, 'भाऊजी, तुम्ही करून पाठवा.' अजून आलेला नाही.

पण फोन आला तो आत्याबाईंचा. बाजूला कुणी नसताना त्यांनी केलेला हा पहिलाच फोन असावा. हळू आवाजात बोलत होत्या.

"आत डोळं उघडं ठिवत्यात का गं?"

"हो, आत्याबाई."

"काय दिसतं?"

मी सांगितलं, जमेल तसं. निळं दिसतं, आवाज येत नाही, आपले हात दुसऱ्याचे वाटतात. मग म्हणाल्या, "कालवा जलमभर दाराम्होरनं गेला. गुडघ्याच्या वर पानी कवा घेतलं न्हाय मी. आदी मामंजी व्हते, मग तुजं सासरं, आता ल्येक. बायामान्सानं न्हाय जायाचं म्हनं."

वीस वर्षं मला वाटत होतं की माझ्यावरची बंदी त्यांनी घातली. त्यांनी ती फक्त पुढे दिली होती, त्यांना मिळालेली. माझ्या गोष्टीवर सगळे हसायचे तेव्हा त्या हसायच्या का, हे मी आठवून बघितलं. आठवेना. मी कधी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं.

मी म्हटलं, बारामतीत तरण तलाव आहे, बायकांची वेळ वेगळी असते. मे महिन्यात येते आहे. जाऊ आपण दोघी.

"लुगड्यावर उतरू देत्यात?"

"नाही. त्याचा वेगळा कपडा असतो. मी आणते."

आता ठेवतील फोन, असं वाटलं. पलीकडून ट्रॅक्टर गेल्याचा आवाज आला, मग त्यांचा.

"काळा आन. भडक नगं."

घर कुठलं, असं इथं मला सारखं विचारतात. आधी मी मोरगाव सांगायचे, मग सणसर, मग दोन्ही सांगून माझीच पंचाईत व्हायची. आता विचारलं तर सांगते, बारामतीजवळ एका गावात माझी सासू राहते, वय सत्तर, ती पोहायच्या पोशाखाची वाट बघतेय, तिथली मी. पोशाख घेतलाय. काळा, पूर्ण बाह्यांचा. ज्याला हसायचंय त्यानं काठावर उभं राहून खुशाल हसावं, आम्ही दोघी पाण्यात असणार.