काकूंची मृदुला

आमच्या गल्लीत मालिकेतल्या सासूला शिव्या देण्याची सोय नव्हती. तिची बाजू घ्यायला समोरच्या ओट्यावर काकू बसलेल्या असत.

काकू म्हणजे किराणा दुकानाच्या मालकीणबाई. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग आणि पुढ्यात सूप. कोणी इंद्रायणीदेवीचं, म्हणजे संध्याकाळच्या मालिकेतल्या त्या दागिन्यांनी मढलेल्या सासूचं, नाव काढून बोटं मोडली की काकू डाळीतला खडा बाजूला टाकत विचारत, "पण तिनं तसं कावून केलं?" त्या 'कावून'पुढे, म्हणजे 'का'पुढे, समोरची गप्प झाली की उत्तरही त्याच देत. "चाळीस वर्षं चाव्या कमरेला हायत तिच्या. एक दिवस सून येती अन म्हणती, द्या इकडं. मी तर न्हाई देणार, बाई." मग आतून भांडं आपटल्याचा आवाज येई. काकूंची सून अशा चर्चेत भांड्यांमार्फत भाग घेत असे.

मी शेजारच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. आमच्या बीड जिल्ह्यातल्या शिरूरला चष्मा आणि खिशाला पेन असलेल्या कोणालाही सर म्हणतात, म्हणून मी सर. मी मालिका पाहत नसे. घरात टीव्ही चालू असे आणि मी त्याच खोलीत असे, एवढंच.

एकदा वाचनालयाच्या वर्धापनदिनाला आम्ही एक लेखक बोलावले. त्यांनी आपल्याच कादंबरीवर सव्वा तास भाषण केलं. त्यांची नायिका पहाटे घर सोडून निघते, तिच्या त्या पावलात स्त्रीच्या अस्तित्वाचा हुंकार आहे, वगैरे. सतरंज्या काकूंच्या घरच्या होत्या, म्हणून काकूही आल्या होत्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर त्यांनी हात वर केला.

"निघताना तिनं काय काय घेतलं?"

लेखक म्हणाले, "काहीच नाही. रिकाम्या हातानं. तेच तर प्रतीक आहे."

"आधार कार्ड?"

"नाही, म्हणजे..."

"मग येती ती माघारी," काकू म्हणाल्या. "खरंच जाणारी बाई आधी कागद घेती."

लेखकांनी पाणी मागितलं. नंतर मी ती कादंबरी काढून पाहिली. बाई दोनशे बाराव्या पानावर माघारी आली होती.

काकूंचं खरं काम मात्र चैत्र-वैशाखात सुरू होई. दिवाळीनंतर आमचा अर्धा तालुका ऊसतोडीला जातो तो पाच-सहा महिन्यांनी परततो. फोन सगळ्यांकडे आहेत, पण टोळीत फोन नवऱ्याच्या खिशात असतो. आणि ऊस तोडून, मोळ्या वाहून, भाकरी थापून झाल्यावर बाईला दुसऱ्या कोणाचं रडणं बघण्याची ताकद उरत नाही. त्यामुळे बायका परत आल्या की आधी काकूंच्या ओट्यावर येत आणि काकू सहा महिन्यांची मालिका आठ दिवसांत सांगत. त्यांना नावच पडलं होतं, 'मागचा भाग'. त्यांचा एकच दंडक होता. मागचं पूर्ण कळल्याशिवाय पुढचं बघायचं नाही. तो सगळ्या पाळत.

एका वर्षी बायका उसात असताना मालिकेत सून मृदुला नवऱ्याचा मार खाऊन घराबाहेर पडली. सगळी गल्ली हळहळली. पंधराव्या दिवशी इंद्रायणीदेवीला देवघरात चक्कर आली आणि मृदुला धावत माघारी आली. पुढे तीन दिवस काकूंच्या दुकानात नीट उत्तर मिळेना. मी विचारलं, "साखर आहे का?" तर म्हणाल्या, "हाय. पर मृदुला गेली की हो माघारी."

त्याआधीच्या दसऱ्यात पारूबाईची पोरगी रेखा सासरहून अशीच अंगावर वळ घेऊन आली होती. पारूबाई म्हणजे उंच, तोंडानं कोयत्यापेक्षा धारदार. पण पोरीच्या सासरापुढे तिचं काही चालेना. रेखाला आजीपाशी ठेवून ती ऊसतोडीला गेली होती. सासरच्यांचा निरोपावर निरोप येत होता. पुढच्या हंगामाला नवरा-बायकोची जोडी लागते, तिला धाडा. आल्या आल्या पारूबाई काकूंना म्हणाली, "धाडावंच लागंल. लोक काय म्हणतील?"

 काकूंनी मालिका सांगायला घेतली.

वाचनालयाच्या खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं. सहाव्या दिवशी मृदुला घराबाहेर पडली. सातव्या दिवशी इंद्रायणीदेवी चक्कर येऊन पडली, हाताला प्लास्टर घातलं. आणि मृदुला आलीच नाही! तिनं जाताना आधार कार्ड नेलं होतं, बारावीची मार्कशीट नेली होती. शहरात खोली घेतली आणि नर्सिंगला नाव घातलं. मी हातातलं पुस्तक मिटलं. खिडकीतून काकूंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी पुन्हा पुस्तक उघडलं.

आठव्या दिवशी पारूबाई एस.टी.नं रेखाच्या सासरी गेली आणि अख्ख्या गावासमोर भांडून पोरीची मार्कशीट आणि आधार कार्ड घेऊन आली.

नवव्या दिवशी बायकांनी टीव्ही लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पारूबाई ओट्यापुढे उभी. "काकू, मृदुला तर घरातच हाय की! सासूला चहा द्यायली."

"सणाला आली आसंल."

"आता कोणता सण?"

"मग जुना भाग दाखवायलेत."

"आन सासूच्या हाताला प्लास्टर कसं मग? ती तर बाई गेल्यावर पडली म्हणलाव तुमी."

काकूंनी सूप खाली ठेवलं. "खोटं सांगितलं मी."

"कावून?"

काकूंचा प्रश्न काकूंनाच विचारला गेलेला मी पहिल्यांदा ऐकला. आत भांडीही थांबली.

"त्यांनी चूक दाखवलं, बाई," काकू म्हणाल्या. "चक्कर आली तर डॉक्टर बोलवावा. सून कशाला?"

"मी तिच्या जिवावर भांडून आले ना! आन ती तर गेली माघारी. आता मी कुन्या तोंडानं पोरीला ठिवून घेऊ?"

"तिनं आधार कार्ड घेतलं नव्हतं," काकू म्हणाल्या. "रेखाचं तुझ्यापशी हाय."

 पारूबाई बसली, सूप आपल्याकडे ओढलं आणि डाळ निवडायला लागली. "तसंबी त्या मृदुलेत दमच न्हवता," ती म्हणाली. "चेहऱ्यावरनंच कळत होतं."

रेखा आता बीडला एका दवाखान्यात नर्स आहे.

मागच्या थंडीत काकू गेल्या. दोन दिवसांचा ताप. लिंगायतांत बसवून समाधी देतात. ओट्यावर बसत तशाच त्या बसलेल्या होत्या, फक्त पुढ्यात सूप नव्हतं. पारूबाई आणि बाकीच्या तेव्हा कर्नाटकात, उसात होत्या. त्यांना कळलं ते फोनवर.

चैत्रात बायका परतल्या आणि सवयीनं येऊन ओट्यावर बसल्या. सुनेनं पाणी दिलं आणि आत जाऊन मिक्सर लावला. मग पारूबाईनं वाचनालयाच्या खिडकीकडे पाहून हाक मारली, "सर, तुमीच या. तुमी बघताव, ठाऊक हाय आमाला."

मी वही घेऊन गेलो. हो, काकू गेल्यापासून मी वही ठेवली होती. मी वाचून दाखवलं. मृदुलेला अपघात होतो, तिची स्मृती जाते, तीन महिने ती नवऱ्याला ओळखत नाही, डॉक्टर हात टेकतात. तारीखवार, एकही भाग न गाळता.

पारूबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "हे टीव्हीतलं झालं," ती म्हणाली. "काकूंनी काय सांगितलं आसतं?"

मी वही मिटली. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं नीट लावून ठेवण्यापलीकडे मी काही केलेलं नव्हतं.

"तिची स्मृती गेलेलीच नाही," मी म्हणालो. "तिला सगळं आठवतंय. तिला नवऱ्याला ओळखायचं नाही, एवढंच."

 आत मिक्सर बंद झाला. सून सूप घेऊन बाहेर आली आणि दारात उभी राहिली.

"पण कावून?" तिनं विचारलं.

मी सरकून तिला जागा दिली.