माणूस कुठचं?
फोडलेल्या नारळाचा ओला वास आला की ग्रामदेवतेच्या देवळातील ती सकाळ आठवते. दोन पुरुषांच्या विवाहाला न्यायालयाने नुकतीच मान्यता नाकारली होती, आणि माझा मुलगा आपल्या जोडीदारासह मुंबईहून आला होता. त्या जोडीदाराला मी गावात ‘मित्र’ म्हटले होते. गुरवाने मुलासाठी देवापुढे गाऱ्हाणे घातले, “बा म्हाराजा, ह्याचं लगीन होऊं दे, घरात सून येऊं दे!” “व्हय म्हाराजा!” सारे गरजले. तोच मुलगा बोलला, “माझं माणूस मला मिळालंय, देवा. आता फक्त लग्न होऊ दे.” सवयीने पुन्हा गजर झाला, “व्हय म्हाराजा!” त्यात माझाही आवाज होता. बाहेर पडताना गुरवाने हसत मला विचारले, “मग, माणूस कुठचं?” अजूनही गुरव समोरून दिसला की मी वाट बदलतो.