दाराआडची काठी

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकीजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या धामणगाव बढ्यातले नाही. उद्या सकाळी माझ्या दारावरून जाणार नाही.

दारावरूनच सुरू करते. हिवाळ्यात कोणाचीही ओसरी बघा — गव्हाला पाणी देऊन आलेले चिखलाचे पाय, कापसाची गाठोडी, तुरीच्या शेंगांचा पाला, खुंटीवर एकावर एक स्वेटर. आमच्याकडे तसं नाही. बाहेर पाय धुवायला बादली, उंबरठ्याशी कोरडं पोतं, ते ओलं झालं की लगेच दुसरं. चपला रॅकवर, मफलर-कानटोप्या टोपलीत, कापूस मागच्या दाराने. बायका म्हणतात, तुमच्या ओसरीत पान मांडून जेवावं. मला ते ऐकायला आवडतं, का खोटं बोलू?

नडायची ती एकच वस्तू. सासऱ्यांची काठी. मामाजी ती दाराआड टेकवून ठेवायचे. खाली फरशीवर मातीचा गोल डाग, वर भिंतीला तेलकट रेघ. मी रोज पुसायची, ते रोज तिथेच ठेवायचे. रॅकजवळ ठेवा म्हटलं, तर म्हणायचे, "हात जिथं आपसूक जाते, तिथंच काठी पाह्यजे."

आणखी एक सांगायला हवं. सांगावंसं वाटत नाही, पण त्याशिवाय पुढचं खरं होणार नाही. मामाजी म्हणजे गावाची वही होती. कोणाचं लग्न कधी झालं, कोणाचा बांध कुठवर, सगळं तोंडपाठ. आणि मी विसराळू. दूध उतू जायचं, किल्ली सापडायची नाही. मग चारचौघांत म्हणायचे, "आमच्या सूनबाईच्या डोक्याले भोक हाये." लोक हसायचे. मीही हसायची. लग्न झाल्यापासून हसतच होते.

तर त्या हिवाळ्यात लेकीला बघायला नांदुऱ्याचे पाहुणे येणार होते. मी गार पाण्याने ओसरी धुतली, रांगोळी काढली. पाहुणे यायची वेळ झाली आणि नजर त्या काठीवर गेली. मामाजी आत बाजेवर बसले होते. मी काठी उचलली आणि मागच्या खोलीत माळ्यावर, जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवली. पाहुणे गेले की देणार होते — खरंच देणार होते. पण आता ते सांगून काय?

पाहुणे गेले. मामाजी उठले, दाराआड हात घातला. हात तसाच राहिला.

"माही काठी कुठी गेली व?"

"मी नाही पाहिली, मामाजी."

का म्हणाले मी असं? तोंडातून निघून गेलं, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं. तसं नव्हतं. ते गोंधळले. मी त्यांना गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं. "मंग मीच कुठी इसरलो असन," म्हणाले. आणि मला — आता सांगूनच टाकते — मला बरं वाटलं.

घरभर शोध झाला. नवरा पारावर, न्हाव्याच्या दुकानात विचारून आला. मामाजी सकाळपासून कुठे कुठे गेलो ते पुन्हा पुन्हा आठवत बसले. त्यांना आठवत होतं ते सगळं बरोबरच होतं, तरी ते स्वतःलाच चूक ठरवत होते.

दोन दिवसांनी मी माळ्यावर चढले. काठीला हात लावला. मोरीमागे नेऊन टाकली असती, सापडली असं ओरडले असते, तर संपलं असतं. खाली येऊन दाराआडचा कोपरा पाहिला. डाग नव्हता, रेघ नव्हती. काठी वरच राहिली.

नवऱ्याने बाजारातून नवी आणली. मामाजींनी तिला सुतळी बांधली आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. "हेबी हारपवीन मी," म्हणाले. जेवताना ती काठी ताटाशेजारी, निजताना उशाशी. घरातले सगळे चेष्टा करायचे. मी पण केली. हो, मी पण.

मग ते सकाळच्या उन्हाला पारावर जाईनासे झाले. कोणी जुनं काही विचारलं आणि आपण चुकीचं सांगितलं तर, याची धास्ती. वही मिटली. गोळी घेतली का, हे मला विचारू लागले. मला! एकदा माझा हात धरून म्हणाले, "तू याद ठेवत जाय व पोरी. माह्या डोक्याले भोक पडलं."

मी म्हणाले, हो मामाजी.

पुढच्या हिवाळ्यात, संक्रांतीच्या आधी, ते गेले. मनगटाची सुतळी मीच सोडली. खाली वळ पडला होता. मी रडले तेव्हा शेजारची म्हणाली, लेकीसारखं केलं हो सुनेनं. नवी काठी त्यांच्यासोबत गेली. जुनी अजून माळ्यावर, त्याच गोधडीत आहे.

मामाजींचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. हे घरात एकट्या मला माहीत होतं. मी त्यांना ते सांगितलं नाही.