एमिल ट्रॉक्सेलचा कर्णा

नेड्राच्या दुरुस्तीच्या दुकानात ऑर्विन ट्रॉक्सेलचा पाय एका जागी ठरत नव्हता. खिडकीपाशी जायचा, परत यायचा, तिच्या खांद्यावरून डोकावायचा. टेबलावर त्याचं बास क्लॅरिनेट सुटं होऊन पडलं होतं. चाव्या ताटलीत, लाकडी नळ्या फडक्यावर.

"ऑर्विन, बस की रे बाबा. माझ्या हातून स्प्रिंग तुटेल," नेड्रा म्हणाली.

तो बसला आणि लगेच उठला. चार जुलैला एल्खार्टच्या वाचनालयात गावात घडवलेल्या वाद्यांचं प्रदर्शन होतं, आणि या क्लॅरिनेटच्या टोकाच्या पितळी कर्ण्यावर शिकागोच्या एका दुकानाचं नाव कोरलेलं. मांडणाऱ्यांनी ते वाचलं आणि नाही म्हटलं. बाहेरची दुकानं एल्खार्टच्याच कारखान्यांतून वाद्यं घडवून घेत आणि वर आपलं नाव ठोकत, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण सिद्ध कोण करणार?

त्याचे वडील एमिल कारखान्यात पॉलिशच्या चाकावर होते. "हे माझ्या हाताखालून गेलंय," असं ते जन्मभर सांगत आले. बहीण क्लॅरिस मात्र दर थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला टर्कीबरोबर हा विषयही कापायला घ्यायची. बाबांनी ते गहाणवटीच्या दुकानातून आणलं आणि आपल्याला थापा मारल्या, असं तिचं म्हणणं. वडील जाऊन वर्षं झाली होती. ऑर्विनला त्यांचा शब्द खरा ठरायला हवा होता, प्रदर्शन गेलं खड्ड्यात.

नेड्रानं चाव्या धरून ठेवणारे छोटे खांब निरखले. हे नदीकाठच्या कारखान्याचेच, त्यात वाद नाही, म्हणाली. म्हणजे वडिलांचाच कारखाना. ऑर्विनच्या जिवात जीव आला, पण लगेच त्यानं साल विचारलं; बाबा तिथं असतानाचंच आहे ना? सालासाठी क्रमांक हवा, आणि तो कर्ण्याच्या काठाशी ठोकलेला असतो. तिनं कर्णा दिव्याखाली तिरका धरला, बोट फिरवलं, पुन्हा तिथंच फिरवलं.

"बोल ना," ऑर्विन म्हणाला.

"क्रमांक घासून गेलाय. इथं बोट लाव."

पितळ तिथं किंचित खोलगट लागलं. नेड्रानं चष्मा काढून पुसत बसायचं नाटक केलं. तिचे वडील त्याच कारखान्यात तपासनीस होते.

"चाकावर एवढं दाबणारा एकच होता," ती शेवटी म्हणाली. "आमचे पप्पा जेवताना वैतागून सांगायचे. क्रमांक पुसला की माल बाद. तुझ्या वडिलांनी असे बरेच घालवले. शेवटचं वाद्य, हेच, त्यांच्याच गळ्यात मारलं आणि त्यांना कामावरून काढलं. एकोणीसशे सव्वीसचा हिवाळा. तू पहिलीत होतास."

घरी सांगितलं गेलं होतं की, धुळीनं छाती भरते म्हणून बाबांनी काम सोडलं. ऑर्विनला आधी नेड्राचा राग आला, मग वडिलांचा, मग स्वतःचा. कशाला उकरायला गेलो, असं झालं त्याला. क्लॅरिसला सांगायला फोन उचलला, अर्धा नंबर फिरवला आणि ठेवून दिला. बाबा खोटं बोलले नव्हते, फक्त अर्धंच बोलले होते. ते अर्धं त्यांनी एकट्यानं गिळलं, याचं त्याला फार वाईट वाटलं.

"प्रदर्शनाच्या चिठ्ठीवर काय लिहू?" नेड्रानं हळूच विचारलं.

"कारखान्याचं नाव, साल. खाली लिही, पॉलिश एमिल ट्रॉक्सेल."

"आणि क्रमांक विचारला तर?"

"बोट लावून बघा म्हणावं."