मोरीचं तोंड पैनगंगेकडं

पृथ्वीवर नद्या पुष्कळ असतील, पण आमच्या व्याह्यांच्या लेखी नदी एकच, पैनगंगा. बाकीच्या एकतर तिच्याकडे निघालेल्या, नाहीतर वाट चुकलेल्या. रिठदच्या पलीकडे, नदीकाठी त्यांचं गाव. एसटी पुलावर आली की हे उभे राहतात आणि शेजारी डुलक्या घेणाऱ्याला हलवतात, "झोपून काय राह्यले? खालून माय चालली ना!" मग तो बिचारा उतरेपर्यंत सुटका नाही. अजिंठ्याच्या डोंगरात ती कशी जन्मली, बुलढाण्यातून आपल्याकडे कशी आली, एका काठाला विदर्भ अन् दुसऱ्याला मराठवाडा असे दोन सोयरे सांभाळत कशी चालली, पूस काय, अडाण काय, सगळा गोतावळा पदरात घेत पार वणीच्या पुढं वर्धेला कशी मिळाली! इथं मात्र त्यांचा आवाज खाली येतो. "इतकी चालली, अन् तिथून नाव वर्धेचं. लेकीच्या जातीचं असंच हाय."

त्यांना लेकही एकच. स्थळ आलं की हे शेती विचारत नसत, नोकरी विचारत नसत. एकच प्रश्न, "तुमच्या गावचं पाणी कुठं जाते?" पैनगंगेला जात नसेल तर चहा पाजून वाटेला लावत. आता माझ्या पोरानं आणि त्या पोरीनं वाशीमच्या कॉलेजातच एकमेकांना पसंत केलेलं. आणि आमचं घर कुठं, तर मालेगावकडच्या धारेवर! म्हणजे मागच्या अंगाचं पाणी काटेपूर्णा धरून पूर्णेला, तिथून तापीला आणि मावळतीच्या समुद्रात; पुढच्या अंगाचं पैनगंगेला आणि उगवतीच्या. एकाच छपराचे दोन समुद्र, बाई!

व्याही विहीणबाईंना घेऊन घर पाहायला आले. जयभीम झाला, पोहे झाले. मग व्याह्यांनी तांब्या मागितला आणि थेट मागच्या दारी मोरीजवळ ओतला. पाणी गेलं काटेपूर्णेकडे. हे आले आणि गुपचूप चपला घालायला लागले. माझ्या पोराचं तोंड उतरलं. विहीणबाई करवादल्या, "अवो, पोरगी द्याची हाय का नाली खोदाची हाय?"

मी तांब्या पुन्हा भरला. "भाऊ, एका दारावरून घर नका पाहू. समोर ओता."

ओतला. पाणी थोडं घुटमळलं, शेळीच्या खुंट्याला वळसा घातला आणि उताराला लागलं. हे त्याच्यामागं वाकून वाकून पार ओढ्यापर्यंत गेले. आम्ही सगळे ओट्यावर उभे. परत आले ते हसतच.

"येते, इहीणबाई. माह्या दारापुढून जाते. पण एक गोष्ट पाह्यजे. मोरी समोर घ्या. पोरीच्या हातचं पाणी मले भेटलं पाह्यजे."

लोक हुंडा मागतात, मानपान मागतात. यांनी मोरी मागितली. आम्हीही दिली! भिंत फोडून मोरी पुढं आणली, तेव्हा शेजारीण म्हणाली, "काहो, नवरीच्या आंधी मोरीचीच वरात काढली का?" हसू दे. सून घरात आली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन.

"भांडे झाले का घासून?"

"झाले, बाबा."

"बरं. वाट पायतो मंग."

आणि म्हणे खरंच काठावर जाऊन बसायचे. उन्हाळ्यात ओढा कोरडा ठाक असला तरी बसायचे. विहीणबाई चिडायच्या, "मोरीचं पानी पायाले चालले पाहा, वरातीत चालल्यासारके!"

आता त्यांचे गुडघे गेले. नदी घरापासून हाकेवर, पण उतरवत नाही. बाजेवरूनच वाट पाहतात. इकडे यंदा ग्रामपंचायतीनं घरोघरी शोषखड्डे केले. आमच्या मोरीचं पाणी आता दारातल्या खड्ड्यातच जिरतं, ओढ्याकडे थेंब जात नाही. व्याह्यांना हे कोणीच सांगितलं नाही. फोन येतो, सून म्हणते, "झाले, बाबा."

मग ती एक तांब्या भरते, शोषखड्डा ओलांडून पलीकडे जाते आणि उतारावर हळूच ओतते. मी ओट्यावरून पाहते. परवा शेळी त्या पाण्याच्या वाटेतच आडवी पसरली होती. मी उठले, तिला उठवलं, आणि म्हटलं, सरक वो माय, जाऊ दे तिले.