पुढून कच्चा, मागून करपलेला

मुलगी दुसरीत असताना नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "हिला गहू चालणार नाही. आयुष्यभर." आतड्याच्या आतल्या अस्तराचा आजार होता. गव्हाचा कणसुद्धा पोटात जाऊ द्यायचा नव्हता.

आम्ही पाथर्डीला राहतो. घरात भाकरी रोजचीच, त्यामुळे सासूबाईंना त्यात काही मोठं वाटलं नाही. "बाजरी हाय, ज्वारी हाय. पोरगी काय उपाशी ऱ्हानार न्हाई," त्या म्हणाल्या. खरंच होतं. पण शाळेत कुणाचा वाढदिवस असला की वर्गात केक वाटायचे आणि माझी मुलगी तो हातात धरून घरी आणायची. न खाता, पूर्ण रस्ताभर. दारातच माझ्या हातात देऊन दप्तर ठेवायला निघून जायची.

म्हणून मी ओव्हन घेतला. ज्वारी आणि तांदळाच्या पिठाचा केक तिच्यासाठी घरीच करायचा ठरवलं.

पहिला केक मागच्या बाजूने करपला आणि पुढे पातळ पीठ तसंच राहिलं. वाटलं, नवीन आहे, अंदाज चुकला असेल. दुसरा तसाच. तिसऱ्या वेळी अर्ध्यात दार उघडून भांडं फिरवलं, तर केक मधोमध खचला. भांडं वरच्या जाळीवर ठेवून पाहिलं, खालच्या जाळीवर ठेवून पाहिलं. ओट्याला उतार असेल म्हणून ताटात पाणी घेऊन तपासलं. ओटा सपाट होता. नवरा म्हणाला, "व्होल्टेज कमी असेल." मग दुपारऐवजी सकाळी करून पाहिला. काही फरक नाही.

मुलगी प्रत्येक वेळी करपलेला भाग काढून मधला तुकडा खायची आणि म्हणायची, "छान झालाय." तिचं ते शहाण्यासारखं बोलणं मला सहन व्हायचं नाही. एकदा तर भांड्यासकट सगळं मोरीत उपडं केलं आणि तिथेच बसून राहिले. सासूबाई आल्या, नळ सोडला, भांडं घासायला घेतलं.

ओव्हन कुठे जास्त तापतो हे बघायला जाळीभर पावाचे तुकडे मांडतात, असं मी मोबाईलवर पाहिलं होतं. पण या ओव्हनमध्ये मला गव्हाचा चुराही पडू द्यायचा नव्हता. मग मी उडदाचे पापड मांडले. मागचे तपकिरी होऊन फुगले, पुढचे पांढरेच्या पांढरे. सगळे दिवे बंद करून ओव्हन नुसताच चालू केला आणि काचेतून वाकून पाहिलं. खालच्या दोन रॉडपैकी पुढचा लाल होतच नव्हता.

गावातला दुकानदार म्हणाला, "ताई, याचा रॉड मिळत न्हाई. नवाच घ्या." नवऱ्याने नगरला दोन-तीन फेऱ्या मारून रॉड शोधून आणला. बसवल्यावर पुन्हा पापड मांडले. सगळे सारखे भाजले. कित्येक महिन्यांनी मी त्या दिवशी पोटभर जेवले.

मुलीच्या वाढदिवसाला केक केला. सगळीकडून एकसारखा, बदामी रंगाचा. तिच्या वर्गातल्या मैत्रिणी आल्या. तिने केक कापला, प्रत्येकीला भरवला. एकीने चावून तोंड वाकडं केलं, दुसरी म्हणाली, "काकू, हा रव्यासारखा लागतो." बाकीच्यांनी वेफर्स संपवले आणि केक बशीत तसाच ठेवला. पोरी त्या, त्यांना काय बोलणार! त्या गेल्यावर मुलीने सगळ्या बशा गोळा केल्या. उष्टे तुकडे एका पिशवीत भरताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

"मी शेजारच्या गायीला देऊ का?"

"दे," मी म्हटलं.

परत आल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. "आई, पुढच्या वर्षी बेकरीतला केक आण ना. मैत्रिणींसाठी. मी नुसता कापीन."

"आणि तू काय खाशील?"

"मला नको. मला नाही आवडत केक."

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. पण मी जमिनीवर सांडलेले वेफर्सचे तुकडे वेचत राहिले. जे दुरुस्त करता येत होतं ते मी केलं होतं. पुढे काही करण्यासारखं मला दिसेना.

पुढच्या वर्षी बेकरीतून केक आणला, मैद्याचा, चॉकलेटचा. तिने मेणबत्ती विझवली, केक कापला, सगळ्यांना भरवला, फोटोसाठी हसली. एका मैत्रिणीने तिच्या तोंडाशी घास नेला तेव्हा तिने मान मागे घेतली आणि म्हणाली, "थांब हं, हात धुऊन आले."

मी मोरीच्या दाराशी गेले. ती साबणाने कोपरापर्यंत हात धूत होती. एकदा धुऊन झाले, तरी पुन्हा साबण लावला. बाहेर मैत्रिणी तिला हाका मारत होत्या.