टोचलं की हो म्हणा

दवाखान्याच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी, जखमांची खोली होती. तिथल्या सिस्टरना सगळे ‘पायवाल्या सिस्टर’ म्हणत. पायाच्या चिघळलेल्या, भरता न भरणाऱ्या जखमा, एवढंच त्यांचं काम. वासामुळे ती खोली कुणी घेईना. ‘महिनाभर बघते’ म्हणून त्या गेल्या आणि बावीस वर्षं तिथेच राहिल्या. लग्न केलं नाही. घरी म्हातारे वडील. त्यांना जेवू घालून आठच्या ठोक्याला हजर.

“काकू, मला माणसं चेहऱ्यावरून ओळखूच येत नाहीत,” त्या मला म्हणायच्या. “चप्पल काढली की लगेच ओळखते.”

आमचे हे छापखान्यात खिळे जुळवायचे. चाळीस वर्षं उभ्याने काम, त्यात साखर. अंगठ्याखाली जखम झाली ती अकरा महिने भरेना. मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही जायचो. सिस्टर बुटक्या स्टुलावर बसून ह्यांचा पाय मांडीवर घ्यायच्या, मेलेली कातडी चिमट्यात धरून कापायच्या, मग जखमेवर पारदर्शक कागद ठेवून तिची कड गिरवायच्या.

“दुखतंय?”

“छे! गुदगुल्यासुद्धा नाहीत.”

“दुखायला पाहिजे हो काका! पायाला काही कळत नाही, तिथेच तर घोडं अडलंय. एकदा आई गं म्हणून ओरडा, मी सुट्टी घेऊन झोपते की नाही बघा.”

अखेर जखम मिटली. त्या दिवशी त्यांनी पायाला स्पर्श कळतो का ते बघायचा नायलॉनचा बारीक, ताठ दोरा काढला. “डोळे मिटा. टोचलं की हो म्हणा.” हे दहापैकी आठ वेळा बरोबर हो म्हणाले. सिस्टरनी पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. त्या इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतले डॉक्टर डोकावले. जाड तळव्याचे खास बूट आता रोज घालायलाच हवेत असं नाही, म्हणाल्या. कधी बाहेर जाताना जुने घातलेत तरी चालतील.

घरी येताना हे म्हणाले, “अगं, तिचं स्टूल करकरतं. ती पुढे वाकली की करकर, की मी हो.”

“अहो, मग खरं काय कळतं तुम्हाला?”

“कप्पाळ! पण तिचा चेहरा पाहिलास ना? अकरा महिने माझ्या पायात डोकं घालून बसली बिचारी.”

मीही हसले. जखम भरली होती, मग कुणाचं काय बिघडतंय, असं वाटलं. माझ्या रोजनिशीत त्या संध्याकाळच्या पानावर मी हा विनोद म्हणून लिहून ठेवला आहे.

पाचव्या आठवड्यात हे जुने बूट घालून छापखान्यातल्या मित्राकडे गेले. बुटात चष्म्याचा स्क्रू पडला होता. चालून चालून तो तळव्यात रुतला, ह्यांना पत्ताच नाही. घरी आले तेव्हा मोजा ओला होता. आधी अंगठा गेला, मग गुडघ्याखालचा पाय.

टाके काढायच्या दिवशी सिस्टरनी मला बाहेर गाठलं. “काकू, मी बदली मागितलीय. लसीकरणात. माझा हात आता ह्या कामाचा राहिला नाही. मला पाय कळत नाही, मी जुने बूट घालू दिले.”

तेव्हा मला गप्प बसवेना. करकर, आठ वेळा हो, सगळं सांगितलं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हेही.

त्या चिडतील असं वाटलं होतं. त्या भिंतीला टेकल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी हसले म्हणून काका खरं बोलले नाहीत.”

“तसं नाही हो...”

“तसंच आहे. काकू, मला कळलंय हे काकांना सांगू नका. जीव जाईल त्यांचा.”

बदलीचा अर्ज त्यांनी मागे घेतला. मात्र पाय तपासताना तोंडाला मास्क बांधू लागल्या. रोगी म्हणत, सिस्टर हल्ली फार कडक झाल्यात.

ह्यांच्या उरलेल्या पायासाठी त्या पुढची दोन वर्षं रविवारी घरी येत. चहा घेत, थट्टामस्करी करत. “काका, आता एकाच पायाचं भाडं घेते,” म्हणत. हे खो खो हसत. आणि त्या गेल्या की मला म्हणत, “बघ, पोरीला अजून काही कळलेलं नाही. तूही बोलू नकोस. उगाच मनाला लावून घेईल.”